जुनी लिक्विड कूल्ड बाइक सिग्नलला तापते, हायवेला नाही: दोष कुठे शोधायचा

२००८ ची आर१५, २००९ ची निंजा २५०आर, २०११ ची सीबीआर २५०आर, २०१२ ची ड्यूक २०० आणि पल्सर २०० एनएस, २०१३ ची ड्यूक ३९०. आपल्याकडे रेडिएटरवाल्या बाइक रोज ऑफिसला जाणाऱ्यांच्या हाती आल्या त्या याच काळात, आणि आता त्या सगळ्या जुन्या गाड्यांत जमा झाल्यात. त्यांच्या मालकांची तक्रारही बहुतेक एकच असते. मोकळ्या रस्त्यावर ऐंशीने चालवली तर मीटरवरच्या टेंपरेचरच्या दांड्या जागच्या हलत नाहीत. पण हिंजवडीच्या रांगेत किंवा घोडबंदर रोडला अडकलं की दांड्या भराभर वर चढतात, पोटऱ्या भाजायला लागतात आणि शेवटी लाल दिवा लागतो. गॅरेजला नेली की कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, बदलून मिळतं. आठवडाभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच.

कूलंट बदलून हा त्रास जात नाही, कारण बहुतेक वेळा तो कूलंटचा त्रासच नसतो. फक्त कमी वेगात तापणारी गाडी आपला दोष कुठे आहे ते स्वतःच सांगत असते. ते ऐकून, योग्य क्रमाने तपासलं तर निम्म्याहून जास्त गाड्या हजार रुपयांच्या आत सुधारतात असा माझा अनुभव आहे. म्हणून हा क्रम सविस्तर लिहितोय.

आधी ठरवा: नक्की कधी तापते?

गाडी साठ-सत्तरने पळत असते तेव्हा समोरचा वाराच रेडिएटर थंड करतो आणि फॅन बंद असतो. वेग दहा-पंधरावर आला की तो वारा जवळजवळ संपतो आणि उष्णता बाहेर काढायचं सगळं काम एकट्या फॅनवर येऊन पडतं. त्यामुळे वाटणी सोपी आहे. हायवेला थंड आणि ट्रॅफिकमध्ये गरम असेल, तर हवेच्या बाजूला बघा: फॅन, त्याची वायरिंग, रेडिएटरच्या फिन (नळ्यांना लागून असलेल्या पातळ पट्ट्या) आणि हवेची वाट. हायवेलाही, विशेषतः वेगात किंवा चढाला तापत असेल, तर पाण्याच्या बाजूला बघा: कूलंट, थर्मोस्टॅट (कूलंट तापल्यावरच रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह), पंप, आतून चोंदलेला रेडिएटर. दोन्हीकडे तापत असेल तर पाण्याची बाजू आधी, हवेची नंतर.

आणखी एक खात्री करून घ्या. सिग्नलला फॅन सुरू होणं हा दोष नाही. बहुतेक गाड्यांत कूलंट १०० अंशांच्या आसपास किंवा थोडं वर गेल्यावरच फॅन लागतो आणि काही अंश खाली आल्यावर बंद होतो. भर उन्हाळ्यात तो सारखा चालू-बंद होत राहिला तरी काळजी नाही. त्या वेळी पायावर येणारा गरम झोत म्हणजे रेडिएटर आपलं काम करतोय. काळजी तेव्हा करायची, जेव्हा फॅन चालू होऊनही दांड्या खाली येत नाहीत, किंवा दांड्या चढत राहतात आणि फॅन लागतच नाही.

हवामानाचाही हिशेब धरा. रेडिएटर किती उष्णता फेकेल हे कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. कूलंट १०० अंशांवर आणि हवा २५ अंशांवर असेल तर फरक ७५ चा. नागपूरला किंवा जळगावला मे महिन्यात हवा ४५ वर गेली की फरक उरतो ५५. म्हणजे तोच रेडिएटर, तोच फॅन, आणि क्षमता पाव हिश्श्याहून जास्त घटली. शिवाय वेधशाळेचं तापमान सावलीतलं असतं. डांबराला लागून, पुढच्या टेंपोच्या सायलेन्सरमागे, रेडिएटरला मिळणारी हवा त्याहून बरीच गरम असते. नव्या गाडीत एवढं सोसायची सवड ठेवलेली असते. जुन्या गाडीत ती सवड थोडी फॅनने खाल्लेली असते, थोडी फिनने, थोडी रेडिएटरच्या कॅपने. त्यामुळे एकच मोठा दोष सापडेल ही अपेक्षा ठेवू नका. दोन-तीन बारीक दोष मिळूनही गाडी तापते.

फॅन: फिरतो की नाही, एवढंच बघून भागत नाही

मेकॅनिकला दाखवलं की तो फॅनकडे बघतो, तो फिरतोय म्हणतो आणि पुढे जातो. जुन्या गाडीत सगळ्यात जास्त वेळा दोष इथेच राहून जातो. फॅन फिरतो, पण हवी तेवढी हवा ओढत नाही.

सुरुवात हाताने करा. इंजिन थंड, चावी काढलेली. फॅनचं पातं बोटाने फिरवा. ते सहज फिरून हळूहळू थांबलं पाहिजे. अडखळत असेल, खरखर येत असेल किंवा पातं मागे-पुढे हलत असेल तर मोटरचं बुश गेलंय किंवा आत चिखल-गंज गेलाय. पात्याचा तुकडा उडालेला नाही ना, पातं कडेच्या प्लास्टिकला घासत नाही ना, तेही इथेच कळतं.

मग फॅनचा प्लग काढून बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट द्या. पॉझिटिव्हच्या वायरला मध्ये फ्यूज घालूनच. फॅन जोरात सुरू झाला पाहिजे. सुरू होताना हाताने ढकलावा लागत असेल तर कार्बन ब्रश झिजलेत, मोटर बदला. आता रेडिएटरच्या पुढच्या बाजूला वर्तमानपत्राचा एक कपटा धरा. बहुतेक बाइकमध्ये फॅन रेडिएटरच्या मागे असतो आणि पुढून हवा ओढून इंजिनकडे टाकतो, म्हणून कागद जाळीला चिकटून बसला पाहिजे. कागद उडून जात असेल तर फॅन उलटा फिरतोय. मोटर बदलताना किंवा वायर जोडताना दोन वायरी उलट लागल्या की असं होतं. गाडी पळताना येणारा वारा पुढून आणि फॅनची हवा मागून, अशी दोघांची तिथे झुंज लागते. काही मोजक्या गाड्यांत मुळातच दिशा वेगळी असते, त्यामुळे वायरी फिरवण्याआधी आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

थेट बॅटरीवर फॅन जोरात आणि गाडीवर मरगळलेला, असं दिसलं तर मोटर निर्दोष आहे. दोष वीज पोचण्यात आहे. इथे एक साधा मल्टिमीटर लागतो. तीन-चारशे रुपयांचाही चालेल. गाडी चालू ठेवा, फॅन लागेपर्यंत तापू द्या, आणि फॅन फिरत असताना दोन ठिकाणी व्होल्टेज मोजा: एकदा बॅटरीच्या दोन टोकांवर, एकदा फॅनच्या प्लगवर मागून पिन घालून. हात, गळ्यातला मफलर, बाह्या पात्यापासून लांब ठेवा. दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर मधली वाट खराब आहे. प्लगमधल्या पिनांवर हिरवट बुरशी, रिलेच्या (फॅनची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) आत जळलेले पॉइंट, सैल झालेला फ्यूज होल्डर, आणि सगळ्यात जास्त वेळा चासीला लावलेलं अर्थिंग. त्या अर्थिंगचा बोल्ट काढून खालचा रंग-गंज पॉलिश पेपरने घासा, पुन्हा घट्ट आवळा आणि वर थोडं पेट्रोलियम जेली फासा. एवढ्यानेच फॅनचा आवाज बदललेला मी ऐकलाय.

रिलेची खात्री करायची सोपी युक्ती आहे. पुष्कळ गाड्यांत तसाच दुसरा रिले हेडलाइटला किंवा स्टार्टरच्या सर्किटला असतो. नंबर आणि पिना जुळत असतील तर दोघांची अदलाबदल करून बघा.

दोन्ही ठिकाणी व्होल्टेज सारखंच कमी असेल, म्हणजे बॅटरीवरच आयडलिंगला १२ च्या आसपास मिळत असेल, तर चार्जिंग बघा. धडधाकट गाडीत थोडी रेस दिल्यावर साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसले पाहिजेत. तेवढे नसतील तर रेग्युलेटर-रेक्टिफायर, स्टेटर किंवा थकलेली बॅटरी यांपैकी कुणीतरी साथ सोडलीय. फॅनच्या मोटरचा वेग व्होल्टेजबरोबर वर-खाली होतो. साडेतेराच्या जागी साडेदहा मिळाले तर हवा साधारण पाचवा हिस्सा कमी झाली असं धरायला हरकत नाही. वर मे महिन्याचा हिशेब सांगितला, त्यात ही घट मिळवा म्हणजे लाल दिवा का लागतो ते कळेल.

वर लावलेली फॉग लाइटची जोडी, मोबाइल चार्जर, मोठा हॉर्न, हे सगळं त्याच बॅटरीवर चालतं. १ एप्रिल २०१७ आधीच्या बहुतेक गाड्यांना हेडलाइट बंद करायचं बटण असतं. दिवसा ट्रॅफिकमध्ये फॅन लागलेला असताना हेडलाइट आणि फॉग बंद करून बघा. तेवढ्याने दांडी एक पायरी खाली येत असेल तर तुमचा दोष विजेच्या बाजूला आहे हे नक्की.

आणि फॅन लागतच नसेल तर? आधी फ्यूज. उडालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला. पुन्हा उडाला तर मोटर जाम आहे किंवा वायर कुठेतरी चासीला घासून सोलली गेलीय. वरच्या अँपिअरचा फ्यूज घालून काम भागवू नका, वायरिंग जळेल. फ्यूज बरा असेल तर सेन्सरकडे वळा. जुन्या धाटणीच्या गाड्यांत रेडिएटरवरच थर्मो स्विच असतो, तो ठरावीक तापमानाला फॅन लावतो. त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडल्यावर फॅन सुरू झाला तर स्विच गेला. हा स्विच गरम पाण्यात तपासताना पुष्कळांची फसगत होते: उघड्या भांड्यातलं पाणी पुण्यासारख्या ५६० मीटर उंचीवरच्या शहरात ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, महाबळेश्वरला तर ९५-९६ लाच. स्विच १०२ ला लागणारा असेल तर पाण्यात तो कधीच लागणार नाही आणि चांगला स्विच फेकला जाईल. तपासणी कूलंटमध्ये किंवा जुन्या इंजिन ऑइलमध्ये करा, थर्मामीटर लावून, मोकळ्या हवेत आणि मंद आचेवर. इंजेक्शनच्या गाड्यांत हे काम कूलंट सेन्सर आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) मिळून करतात. तिथे सेन्सरचा रेझिस्टन्स थंड असताना जास्त आणि गरम झाल्यावर कमी झाला पाहिजे. दोन्ही वेळचे आकडे मॅन्युअलशी जुळवून बघा. बाहेरचा स्वस्त सेन्सर लावलेला असेल तर त्याचं गणित वेगळं असू शकतं, मग मीटर खोटं दाखवतं आणि फॅनही भलत्या वेळी लागतो.

हँडलवर बटण लावून फॅन हवा तेव्हा चालू करायची पद्धत आहे. ट्रेकला जाणाऱ्यांना ती सोयीची वाटते आणि रिले व फ्यूज घालून नीट केली असेल तर माझी हरकत नाही. पण सेन्सर बिघडलाय म्हणून बटण बसवणं मला पटत नाही. घाईत बटण दाबायचं राहिलं की हेड पॅकिंगचा (सिलिंडर आणि हेडमधल्या गॅस्केटचा) खर्च अंगावर येतो, आणि बंद करायचं राहिलं की सकाळी बॅटरी बसलेली.

हवेची वाट

रेडिएटर पुढून स्वच्छ दिसतो आणि मागून, फॅनच्या आड, चिखलाने लिंपलेला असतो. कोकणात पावसाळाभर फिरलेल्या गाडीत तांबड्या मातीचा घट्ट थर असतो. ऊस हंगामात सांगली-कोल्हापूरकडे फिरणाऱ्यांच्या फिनमध्ये पाचटाचे तंतू आणि धूळ गच्च बसते. फॅन उतरवल्याशिवाय ही घाण दिसत नाही, म्हणून वर्षातून एकदा, शक्यतो मार्चमध्ये, फॅन उतरवून साफ करा. मऊ ब्रश, शाम्पूचं पाणी आणि बागेच्या नळीची साधी धार. पाणी मागून पुढे मारायचं, म्हणजे अडकलेलं ज्या वाटेने आलं त्याच वाटेने बाहेर पडेल. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप रेडिएटरवर मारू देऊ नका. पातळ फिन आडव्या होतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. आडव्या झालेल्या थोड्या फिन चपट्या टोकाच्या चिमट्याने सावकाश उभ्या करता येतात.

मुंबई, रत्नागिरी, गोवा या खाऱ्या हवेच्या पट्ट्यात जुन्या गाडीला आणखी एक रोग असतो. अॅल्युमिनियमच्या फिन कुजतात. बोटाने हलकं दाबलं की भुगा होतो. नळ्या शाबूत असतात, गळती नसते, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण उष्णता नळीतून फिनमध्ये आणि फिनमधून हवेत जाते. फिन नळीपासून सुटली की ती नुसती शोभेची राहते. अशा रेडिएटरला साफसफाई उपयोगी नाही, तो बदलायचा.

फेअरिंगच्या (बाजूंनी प्लास्टिकचं आवरण असलेल्या) गाडीवाल्यांनी हा पुढचा भाग जरूर वाचावा. रेडिएटर आणि फेअरिंग यांच्यातल्या फटीत कंपनीने रबराच्या किंवा फोमच्या पट्ट्या आणि प्लास्टिकचे छोटे पडदे दिलेले असतात. गाडी एकदा पडली, फेअरिंग बाहेरची बसवली किंवा केबल टायने बांधली, की हे पडदे गॅरेजच्या कोपऱ्यात राहतात. वेगात फरक जाणवत नाही. पण गाडी उभी असताना फॅनने मागे टाकलेली गरम हवा बाजूच्या फटीतून पुन्हा पुढे येते आणि फॅन तीच गरम हवा परत ओढतो. फॅन ठणठणीत, फिन स्वच्छ, कूलंट नवं, आणि तरी सिग्नलला गाडी तापते, याचं कारण कितीदा तरी हे असतं. पार्ट्सच्या चित्रात आपल्या मॉडेलचे पडदे शोधा. मिळाले नाहीत तर उष्णता सोसणाऱ्या रबराच्या शीटमधून कापून बसवा. गाडी सिग्नलला उभी असताना फॅन लागल्यावर रेडिएटरच्या पुढे हाताने चाचपून बघा, तिथे गरम झोत जाणवता कामा नये.

रेडिएटर गार्ड लावायचाच असेल तर मोठ्या भोकांचा लावा. बारीक जाळीचा गार्ड दगड अडवतो तशी हवाही अडवतो, आणि त्यात चिखल भरला की झाकणच बसतं. हॉर्न आणि फॉग लाइट रेडिएटरच्या समोरून हलवा.

पाण्याची बाजू

जादा कूलंटच्या बाटलीत कूलंट दिसतंय म्हणजे रेडिएटर भरलेला आहे असं नाही. थंड गाडीवर, सकाळी, रेडिएटरची कॅप उघडून आत बघा. कूलंट काठोकाठ पाहिजे.

कॅप हा सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात स्वस्त भाग. तिच्यात दोन व्हॉल्व्ह असतात. एक आतला दाब ठरावीक मर्यादेपर्यंत धरून ठेवतो. दाबाखाली पाणी उशिरा उकळतं, १.१ बारच्या कॅपखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. दुसरा व्हॉल्व्ह इंजिन थंड होताना बाटलीतलं कूलंट परत आत ओढू देतो. रबर कडक झालं की पहिला दाब सोडून देतो, कूलंट शंभरीच्या थोडं पुढेच उकळायला लागतं आणि बाटलीत ओसंडतं. दुसरा अडकला तर बाटली भरत जाते आणि रेडिएटर रिकामा होत जातो, आणि सकाळी पाईप चपटा पडलेला दिसतो. गाडी सात-आठ वर्षांची असेल आणि कॅप मूळचीच असेल तर तपासत बसू नका, नवी घ्या. तिच्यावर छापलेला आकडा जुन्या कॅपइतकाच असू द्या. जास्त दाबाची कॅप लावून गाडी थंड राहत नाही, जुने पाईप आणि पंपाचं सील मात्र फुटतं.

कूलंटबद्दल दोन टोकाचे गैरसमज आहेत. एक, कूलंट जितकं घट्ट तितकं चांगलं. प्रत्यक्षात उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस आहे. निम्मं ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन) मिसळलं की ती क्षमता पंधरा-वीस टक्क्यांनी घटते, आणि नुसतं कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) ओतलं तर फारच. डब्यावर रेडी मिक्स लिहिलंय की कॉन्सन्ट्रेट, ते वाचून घ्या. दुसरा गैरसमज, आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग नुसतं पाणी चालेल. ग्लायकॉल उत्कलनबिंदूही वर नेतं आणि त्याच्यासोबतची रसायनं अॅल्युमिनियमला गंजू देत नाहीत. बोअरचं जड पाणी तर घालूच नका. बंबाच्या तळाशी जसा पांढरा थर धरतो तसाच थर सिलिंडर हेडच्या सगळ्यात गरम भागात धरतो, आणि तिथून उष्णता पाण्यात उतरतच नाही. डिस्टिल्ड वॉटर वापरा. हिरवं, लाल, निळं हा फक्त रंग आहे, त्यावरून जात कळत नाही. दोन वेगळ्या जातींची कूलंटं मिसळली तर गाळ धरू शकतो, म्हणून बदलताना आधीचं पूर्ण काढा, डिस्टिल्ड पाण्याने एक-दोनदा धुऊन घ्या.

गळती थांबवायला हळद टाकायची ट्रकवाल्यांची जुनी युक्ती बाइकवर करू नका. ट्रकचा रेडिएटर ती सोसतो. बाइकच्या नळ्या इतक्या अरुंद असतात की गळतीआधी त्याच बंद होतात. बाजारातल्या गळती बंद करणाऱ्या बाटल्यांनाही मी याच कारणासाठी हात लावत नाही.

कूलंट बदलल्यानंतरच गाडी जास्त तापायला लागली असेल तर सिस्टीमने हवा धरलीय. हवेचा फुगा हेडमध्ये अडकला की तिथे कूलंट पोचत नाही. काही गाड्यांना हवा सोडायचा छोटा स्क्रू असतो. नसेल तर पुढचं चाक उंचावर घ्या, कॅप उघडी ठेवून थंड गाडी सुरू करा, गाडी सावकाश डावी-उजवीकडे कलवा, पाईप हाताने दाबा. बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, भरत राहा. कूलंट वर चढायला लागलं की कॅप लावा आणि दुसऱ्या दिवशी थंड असताना पुन्हा बघा.

थर्मोस्टॅट तपासायला दोन्ही पाईप पुरेसे आहेत. थंड गाडी सुरू केल्यावर इंजिनकडून रेडिएटरला येणारा पाईप बराच वेळ गार राहून मग एकाएकी गरम झाला पाहिजे. दांड्या वर गेल्या तरी तो गारच असेल तर थर्मोस्टॅट उघडत नाही. येणारा पाईप कढत आणि रेडिएटरमधून निघणारा गार असेल तर आत कूलंट फिरत नाही. दोन्ही सारखेच कढत असतील तर कूलंट फिरतंय पण हवा उष्णता नेत नाही, म्हणजे परत फॅन आणि फिन. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर रेडिएटरच्या काळ्या भागावर फिरवा, मध्येच गार पट्टा आला तर त्या नळ्या चोंदल्यात. चकाकत्या अॅल्युमिनियमवर त्याचा आकडा चुकतो, तिथे काळी टेप चिकटवून मोजा. शंका राहिली तर थर्मोस्टॅट काढून पाण्याच्या भांड्यात थर्मामीटरसोबत लटकवा. त्याच्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे.

थर्मोस्टॅट काढून टाकून गाडी चालवायचा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. इंजिन गरम व्हायला फार वेळ घेतं, इंजेक्शनची गाडी थंड समजून जास्त पेट्रोल ओतत राहते, ते पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, आणि काही रचनांमध्ये बायपासची वाट उघडी राहून निम्मं कूलंट रेडिएटरला न जाताच फिरतं. आणि दोष फॅनचा असेल तर ट्रॅफिकमध्ये फरक पडतच नाही.

वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं. तिथे कूलंटचा ओघळ किंवा पांढरा डाग दिसला तर सील गेलंय. जुन्या पंपात इंपेलरची (कूलंट ढकलणाऱ्या चाकाची) पाती गंजून झिजतात आणि आयडलिंगला प्रवाह मंदावतो, म्हणून आयडलिंगचा आरपीएम मॅन्युअलपेक्षा खाली ठेवू नका.

हेड पॅकिंगची भीती सगळ्यांना असते, पण खुणा स्पष्ट असतात. गळती कुठेच नाही आणि कूलंट कमी होतंय, रेडिएटरमध्ये हवा काढल्यानंतरही अखंड बुडबुडे, थंड गाडी सुरू केल्यावर मिनिटभरातच पाईप दगडासारखा टणक, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, किंवा ऑइल दुधाळ. यातलं काही दिसलं तर गाडी चालवू नका, टेंपोत घालून न्या.

कूलिंग बरं, तरी गरम

कार्बोरेटरच्या गाड्यांत, म्हणजे २०० एनएस आणि आपल्याकडची निंजा २५०आर, ट्रॅफिकमधलं जवळजवळ सगळं चालणं पायलट जेटवर, म्हणजे कमी थ्रॉटलला पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकावर, होतं. तो अर्धा चोंदला की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि इंजिन फाजील गरम होतं. थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट, चोक थोडा ओढल्यावर आयडलिंग सुधारणं, या त्याच्या खुणा. कार्बोरेटर आणि हेडमधलं रबर तडकलं असेल तरी हेच होतं. शिवाय मागचा डिस्क घासत नाही ना, चेन फार ताणलेली नाही ना आणि ऑइलची पातळी बरोबर आहे ना, हे बघून घ्या. गाडी मधल्या स्टँडवर किंवा मागचं चाक उचलणाऱ्या पॅडक स्टँडवर घेऊन मागचं चाक हाताने फिरवलं की पहिल्या दोन गोष्टी कळतात. व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हपाशी ठेवायची ठरावीक फट) पुष्कळ गाड्यांत वर्षानुवर्षं कुणी बघितलेलाच नसतो, सर्व्हिसला देताना तो मुद्दाम सांगून तपासून घ्या.

दांड्या चढल्याच, तर रस्त्यावर काय करायचं

रांग जागची हलत नसेल आणि फॅन चालू असेल तर न्यूट्रलला टाका, हाफ क्लचवर ताटकळत ठेवू नका. आयडलिंगला व्होल्टेज पडतं अशी गाडी असेल तर हलकी रेस देऊन ठेवा, पंप आणि फॅन दोघांनाही बळ मिळतं. लाल दिवा लागला की बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. खूप गाड्यांत इंजिन बंद करूनही चावी चालू असली की फॅन चालतो. तसं असेल तर किल स्विचने इंजिन बंद करून दोन-तीन मिनिटं फॅन चालू द्या, मग चावी काढा. इंजिन बंद झाल्यावर पंप थांबतो, त्यामुळे थोडा वेळ मीटर आणखी वर गेलेलं दिसेल, घाबरू नका.

खंबाटकी किंवा कुंभार्ली घाटात लोड ट्रकच्या मागे पहिल्या गिअरमध्ये रखडत चढताना इंजिनवर ताण पुरा असतो आणि वारा शून्य. तिथे ट्रकला चिकटून राहण्यापेक्षा एखाद्या मोकळ्या वळणावर थांबून त्याला पुढे जाऊ द्या आणि मग सलग वेगाने चढा.

गरम रेडिएटरची कॅप कोणत्याही कारणाने उघडू नका. दाब सुटला की आतलं कूलंट एका क्षणात उकळून तोंडावर येतं, आणि त्याने झालेले भाजल्याचे घाव खोल असतात. किमान अर्धा तास थांबा, पाईप हाताला मऊ लागेपर्यंत. मग जाड फडकं टाकून कॅप पहिल्या टप्प्यापर्यंतच फिरवा, वाफ जाऊ द्या, नंतर पूर्ण काढा. बाटलीतलं प्यायचं पाणी घालायची वेळ आलीच तर थोडं-थोडं घाला. कढत हेडवर एकदम गार पाणी पडलं तर हेड वाकतं किंवा तडकतं. घरी पोचल्यावर ते पाणी काढून पुन्हा कूलंट भरा. काढलेलं कूलंट डबक्यात किंवा गटारात सोडू नका. ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात. बंद डब्यात भरा, वर नाव लिहा आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.